दिवाळी झाल्यावर अंगणात बसून स्थलांतरित पक्षी कसे पाहायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नेरुळमध्ये सिडकोचं रो हाऊस, मागे दोन खाटा मावतील एवढं अंगण, त्यात जास्वंदीचं कुंपण, कढीपत्ता आणि शेवगा, भिंतीपलीकडे रस्त्यावरचा जुना रेन ट्री. गुडघ्यांमुळे पहाटे खाडीवर जाणं जमत नाही. दिवाळी उलटली, म्हणजे मोसम संपला का? अंगणात बसून काही दिसेल का? आणि दाणे कुठले ठेवावेत?

मोसम संपलेला नाही. अंगणातून पाहणाऱ्यासाठी तो आत्ता कुठे सुरू होतोय. आणि दाणे ठेवू नका. या दुसऱ्या उत्तराचं कारण समजलं की बाकीचं बरंच आपोआप समजतं, म्हणून आधी तेच सांगतो.

आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या आणि घराजवळच्या झाडाझुडपांत उतरणाऱ्या पक्ष्यांपैकी बहुतेक जण किडे खातात. सैबेरिया, मध्य आशिया, हिमालयाचे उंच उतार इथे थंडी सुरू झाली की किडे, अळ्या, कोळी मिळेनासे होतात. पक्षी थंडीला घाबरून निघतात असं आपण म्हणतो खरं, पण त्यांना मुख्यतः हलवते ती भूक. पिसांच्या आत हवा धरून थंडी सोसता येते, रिकाम्या पोटी मात्र नाही. अशा पक्ष्यापुढे तुम्ही बाजरी नाहीतर तांदळाची कणी ठेवलीत तर तो तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. येतील ती कबुतरं, आणि एकदा कबुतरांनी अंगण ताब्यात घेतलं की लहान पक्षी तिथून लांब राहतात. कबुतरांच्या विष्ठेचा आणि पिसांच्या धुळीचा फुप्फुसांना होणारा त्रास वेगळाच. तुमच्या अंगणातलं खरं खाद्य आहे जास्वंदीवरचा मावा, शेवग्याच्या पानांमागच्या बारीक अळ्या, पाचोळ्यातले किडे. ते जपलंत तर आणखी काही मांडायची गरज नाही.

आता वेळापत्रक. मुंबई-ठाणे पट्ट्यातून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खातं ८ ऑक्टोबर धरतं. त्याच्या आगेमागे, म्हणजे सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धात, जे पक्षी दिसतात त्यांतले बरेच वाटसरू असतात. ठिपकेदार माशीमार, काश्मिरी नीलपंख यांसारखे पक्षी पश्चिम भारतावरून पुढे आफ्रिकेकडे जातात. ते एखादा दिवस दिसतात आणि निघून जातात. त्यांच्यामागे धावायला मजा येते, पण घरात बसून ते सापडणं नशिबाचा भाग. कार्तिक लागला की चित्र बदलतं. वाटसरू पुढे गेलेले असतात आणि जे इथे हिवाळा काढणार आहेत त्यांनी आपापली जागा धरलेली असते. नोव्हेंबरच्या मध्यावर तुमच्या जास्वंदीत जो वटवट्या, म्हणजे किडे टिपणारा चिमुकला पक्षी, असेल तो बहुधा मार्चअखेरपर्यंत तिथेच राहील. दुसरा वटवट्या घुसला तर त्याला हुसकावूनही लावेल. तो पाहुणा म्हणून आलेला नसतो, सहा महिन्यांचा भाडेकरू असतो. म्हणून तुम्हाला माझा एकच आग्रह आहे: यंदा पक्ष्यांची यादी वाढवायच्या मागे लागू नका, एका पक्ष्याची ओळख करून घ्या.

तो एक पक्षी कोणता? माझ्या मते ब्लिथचा वेळू वटवट्या. दिसायला अगदी साधा: वरून मातकट-हिरवट तपकिरी, खालून मळकट पांढरा, डोळ्याच्या पुढे एक फिकट आखूड भुवई, अंगाच्या मानाने लांब टोकदार चोच. वजन दहा-बारा ग्रॅम. फिनलंड आणि बाल्टिक किनाऱ्यापासून सैबेरियापर्यंतच्या झुडपी प्रदेशात तो घरटी करतो आणि हिवाळ्यासाठी भारतात आणि श्रीलंकेत येतो. युरोपात वाढलेले बहुतेक लहान पक्षी दक्षिणेला आफ्रिकेची वाट धरतात, हा मात्र आग्नेयेला वळून आपल्याकडे येतो. नवी मुंबईत, ठाण्यात जिथे म्हणून दाट झुडूप आहे तिथे तो असतो. सोसायटीच्या मेंदीच्या कुंपणात, रेल्वेलाइनच्या कडेच्या घाणेरीत, पंपहाउसमागच्या रानटी वेलीत. बहुतेकांनी तो कधी पाहिलेला नसतो, कारण तो दिसण्याआधी ऐकावा लागतो.

त्याचा आवाज म्हणजे जीभ टाळ्याला लावून सोडल्यावर येतो तसा कोरडा ‘चक्’. थोड्या अंतराने पुन्हा ‘चक्’. कधी चिडला तर कर्र असा खरखरीत सूर. सकाळी साडेसहा-पावणेसातला उजाडतं. सात ते साडेआठ खुर्ची टाकून बसा. जास्वंदीकडे थेट तोंड करू नका, जरा तिरकं बसा, चहाचा कप हातात असला तरी चालेल. ‘चक्’ आला की मान वळवायची नाही, नुसती नजर न्यायची. तो झुडपाच्या बुंध्याकडून सुरुवात करतो. आधी एक पान हलतं, वारा नसताना. मग वरचं. चोच पानाच्या खालच्या बाजूला लावून तो मावा टिपत वर चढतो, मध्येच डोक्यावरची पिसं किंचित उभारतो, फांदीच्या टोकाला क्षणभर उघडा पडतो आणि पुन्हा आत शिरतो. तो क्षण दुर्बिणीसाठी. पहिल्या आठवड्यात तुम्हाला फक्त पाठ दिसेल, नाहीतर शेपटी. निराश होऊ नका, तो त्याच वेळी त्याच झुडपात परत येणार आहे.

इथे एक गोंधळ नक्की होतो, तो शिंप्याशी. शिंपी आपला बारमाही रहिवासी, त्याच जास्वंदीत असतो, आकारही जवळपास तेवढाच. पण शिंप्याची शेपटी उभी असते, डोक्यावर तांबूस टोपी असते आणि आवाज त्याच्या अंगाला न शोभेल इतका मोठा, ‘टुविट टुविट टुविट’ असा एका दमात. वटवट्याची शेपटी पाठीच्या रेषेत किंवा खाली झुकलेली. राखी वटवट्याही तिथेच भेटेल, तोही इथलाच आणि तोही शेपटी उभारतो. म्हणजे झुडपात लहान पक्षी दिसला की आधी शेपटीकडे बघा.

आता मान वर करा, रेन ट्रीकडे. तिथे दुसरा एक वटवट्या आहे, हिरवट पर्ण वटवट्या. हा झुडपात सहसा उतरत नाही, पानांच्या छतातच फिरतो. सात-आठ ग्रॅमचा जीव, वरून हिरवट, पंखावर एक बारीक फिकट रेघ, ठळक भुवई. पण ही रेघ वगैरे दिसायला तो एवढा वेळ एका जागी थांबत नाही. त्याचाही आवाजच उपयोगी: दोन तुकड्यांचा, गोड, ‘चि-वीट’. पांढरा धोबी हा पक्षी उडताना काढतो त्या आवाजाशी याचं थोडं साम्य आहे, म्हणून आवाज झाडातून आला की मोकळ्या आकाशातून, हे लक्षात घ्यायचं. हे पर्ण वटवटे हिवाळ्यातही आपापली हद्द राखतात. एका मोठ्या झाडावर एक बोलत असेल आणि पलीकडच्या झाडावरून दुसरा उत्तर देत असेल, तर तुम्ही हद्दीचा वाद ऐकताय असं समजा.

आवाज ओळखायला मोबाइलवरचं मर्लिन हे अॅप चांगलं आहे. भारताचा पक्षीसंच उतरवून घ्या, म्हणजे नेट नसतानाही चालतं. पण त्याने नाव दाखवलं म्हणून पक्षी वहीत लिहायचा नाही. त्याने सुचवायचं आणि आपण डोळ्यांनी शहानिशा करायची. आणि कृपा करून रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावू नका. हद्द धरून बसलेल्या पक्ष्याला तो प्रतिस्पर्धी वाटतो, आणि किडे टिपायच्या वेळेत तो भांडण शोधत फिरतो.

जमिनीवर बघायचा तो करडा धोबी. गच्चीवरची टाकी भरून वाहते तिथे, गाड्या धुतात त्या ओलसर फरशीवर, गटाराच्या कडेला. पाठ राखाडी, पोट आणि शेपटीखालचा भाग पिवळा, शेपटी लांब आणि सतत वरखाली. उडताना टोकदार ‘चिट्-चिट्’. हा हिमालयातून आणि त्याच्याही उत्तरेकडून येतो आणि सप्टेंबरपासून दिसतो. पायात कडं घातलेल्या धोब्यांवरून हे सिद्ध झालंय की ते वर्षानुवर्षं हिवाळ्यात नेमक्या त्याच जागी परततात. काळापांढरा, ठळक पांढऱ्या भुवईचा, सुरेल गाणारा मोठा धोबी मात्र इथलाच, त्याला स्थलांतरितांत धरू नका.

शेवग्याच्या आतल्या, सावलीतल्या फांद्यांवर लाल छातीचा माशीमार मिळण्याची शक्यता चांगली आहे. नावावर जाऊ नका. नराचा फक्त गळा आणि छातीचा वरचा भाग नारिंगी, आणि मादीला तर तोही नाही. ओळख शेपटीवर: झटक्याने वर उचलतो तेव्हा शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे चमकतात. सोबत बारीक खुळखुळ्यासारखा ‘ट्रर्रर्र’. रिकामी, दगडगोट्यांची जागा जवळ असेल, बेलापूर, खारघरच्या डोंगरपायथ्याला तर असतेच, तिथे कंपाउंडच्या भिंतीवर कृष्ण थिरथिरा येतो. त्याची तांबडी शेपटी थरथरते आणि दुर्बिणीशिवायही कळते. हळद्या, स्वर्गीय नर्तक, राखाडी कोतवाल हे अधूनमधून येतील. हळद्या जवळच्या उंबरावर, पिंपळावर फळं असतील तेव्हा हमखास. भोरड्या थव्याने येतात आणि संध्याकाळी रातथाऱ्याकडे जाताना डोक्यावरून जातात.

ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी, उपवन, वसंत विहारच्या बाजूला राहणाऱ्यांची यादी याहून वेगळी होते, कारण पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथे पाचोळा चाळणारा नारिंगी डोक्याचा कस्तूर आणि निळाशार नीलांग माशीमारही घराजवळ दिसू शकतात. तुमच्या बाजूला जंगलाऐवजी खाडी आहे, आणि त्याचा फायदा आकाशात मिळतो.

अंगणातून आकाश बघणं फार जण विसरतात. केबलवाल्यांच्या तारांवर ओळीने बसलेले, निळसर काळे, गळ्याशी तांबूस पक्षी या माळभिंगऱ्या. यंदाच्या पिल्लांना शेपटीच्या लांब तारा नसतात, त्यामुळे सगळ्या एकसारख्या दिसणार नाहीत. पाकोळी तारेवर बसतच नाही, तिच्या पायांची रचनाच तशी नाही, म्हणून बसलेली दिसली की भिंगरीच. सकाळी दहा ते साडेबारा ऊन तापून पारसिकच्या डोंगरावर गरम हवा वर चढू लागते, तेव्हा शिकारी पक्षी घिरट्या घेत वर जातात. दुभंगलेल्या शेपटीची ती घार, ती बाजूला काढा आणि उरलेल्यांकडे नीट बघा. दलदली भोवत्या पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून तरंगतो. नोव्हेंबरात नागालँडमधून निघालेले अमूर ससाणे महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे जातात. २०१३ साली त्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रं बसवली तेव्हा या प्रवासाचा नीट माग लागला. ते तुमच्या अंगणावरून जातीलच असं नाही, पण लहान, टोकदार पंखांच्या ससाण्यांचा थवा उंचावरून सरकताना दिसला तर दुर्लक्ष करू नका.

आणि रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ते याच पक्ष्यांमुळे आणि त्यांच्यासोबतच्या हजारो किनारी पक्ष्यांमुळे. नोव्हेंबरात त्यांची सुरुवात असते, खरी गर्दी जानेवारीनंतर. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात. भरतीत चिखल बुडाला की नेरुळ-सीवूड्सच्या बाजूच्या पाणथळांकडे सरकतात. म्हणजे तुमच्या घरावरून ते कधी जातील हे भरतीवर ठरतं. त्यासाठी कोळ्यांचा जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणून सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं तेवढी सवलत द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवरून तिथी बघा आणि भरतीच्या आधीच्या तासात पश्चिमेकडे नजर ठेवा. मान पुढे आणि पाय मागे ताणलेली लांब रांग दिसली की शंका उरत नाही. रात्री बदकांसारखा घोगरा गलका डोक्यावरून गेला तर तोही बहुधा त्यांचाच.

अंगणात काय करायचं ते आता सोपं आहे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला की औषध फवारू नका, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने नाहीतर सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा. पाचोळ्याचा एक कोपरा झाडायचा नाही. दिवाळीच्या साफसफाईत सोसायटीचा माळी कुंपण सपाट कापतो, त्याला सांगून निदान चार-पाच फूट तसंच राखा. माझ्या अनुभवात पक्षी राहतो की जातो हे कशाहीपेक्षा त्या कुंपणावर ठरतं. पाण्यासाठी मातीचा पसरट परळ, दोन बोटं पाणी, मध्ये एक खडबडीत दगड. पाणी रोज बदलायचं आणि परळ घासायचा, म्हणजे डासांच्या अळ्या होत नाहीत. मांजरं असतील तर परळ झुडपाला चिकटून नको. दीड-दोन मीटर मोकळी जागा असावी, म्हणजे मांजराला दबा धरता येणार नाही आणि पक्ष्याला उडून झुडपात शिरताही येईल. वर प्लास्टिकची बाटली टांगून बुडाला सुईने छिद्र पाडा. थेंब पडल्याचा आवाज वटवट्यांना आणि माशीमारांना खेचतो.

लहान पक्षी बहुतेक रात्री प्रवास करतात. अंगणातला झगझगीत दिवा रात्रभर जळत ठेवू नका. अंगणाकडे मोठी काच असेल तर बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटीमीटरवर ठिपके चिकटवा. एखादं गरुडाचं चित्र लावून काही उपयोग होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने काचेवर आदळतो. आदळून पडलेला पक्षी पुठ्ठ्याच्या खोक्यात, भोकं पाडून, अंधारात आणि शांत ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तासा-दोन तासांत सावरला तर मोकळ्या जागी सोडा, नाहीतर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

दुर्बीण घ्यायची तर ८ बाय ३२ किंवा ८ बाय ४२ घ्या, म्हणजे आठ पटीची, ३२ किंवा ४२ मिलिमीटरच्या भिंगाची. १० पटीची हातात जास्त हलते आणि अंगणात तेवढ्या मोठेपणाची गरज नसते. घेताना दुकानातच जवळच्या वस्तूवर रोखून बघा. दोन मीटरवरचं स्पष्ट दिसलं पाहिजे, कारण तुमचा वटवट्या तेवढ्याच अंतरावर असणार आहे.

वही मात्र आजच सुरू करा. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात, मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मतारखांना धरून, पण त्या मुहूर्ताची वाट बघू नका आणि तो गेला असेल तर हळहळूही नका. तारीख, किती वेळ बसलात, काय दिसलं, काय फक्त ऐकलं, एवढं पुरे. कबुतर, कावळा, बुलबुलही लिहायचे. नंतर ते ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलंत तर अभ्यासकांच्या कामी येतं. ठिकाणाच्या नावात मात्र घराचा पत्ता लिहू नका, तो सगळ्यांना कळायचं कारण नाही. आपल्या देशात २००७ साली सुरू झालेल्या मायग्रंटवॉच या स्थलांतरित पक्ष्यांच्या नोंदींच्या उपक्रमाने सामान्य माणसांकडून नेमकी हीच माहिती मागितली होती: पहिल्यांदा कधी दिसला, शेवटचा कधी दिसला. पहिली तारीख सोपी असते, नवा पक्षी आला की आपण उत्साहाने लिहितोच. शेवटची अवघड, कारण बघताना ती शेवटची आहे हे माहीत नसतं. म्हणून वटवट्या रोज दिसत असला, त्यात नवीन काही नसलं, तरी फेब्रुवारी-मार्चमध्येही त्याच्यापुढे रोज ‘आहे’ असं लिहीत जा.